विमानातलं कुत्रं आणि माझा खोकला

मी आयुष्यात एकदाच विमानात बसले, आणि त्या दिवशी एका कुत्र्यावरून विमान अडलं. चूक कोणाची होती ते मला तेव्हा कळलं नाही. आता सत्तरी उलटली, तरी कळलेलं नाही.

थोरल्या मुलीचं दुसरं बाळंतपण दिल्लीत होतं. तिला सासू नाही. मी पुढच्या आठवड्यात रेल्वेने जाणार होते. पण जुईनगरला आमच्या बिल्डिंगखालच्या पीसीओवर जावयांचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात केव्हाही होईल. तिकीट काढलंय, उद्याच्या विमानाने या." घरात तीन वर्षांचं पोर, जावई दिवसभर ऑफिसात. कळा सुरू झाल्या तर पोरगी एकटी. मी येते म्हटलं.

तेव्हा मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीची देठं खुडत होते. मार्केट मुंबईतून इकडे आलं तेव्हापासूनच. सकाळी गाळ्यात बसायचं, पुढ्यात मिरचीचा ढीग, नाकाला पदर. खकाणा असा की पहिले पंधरा दिवस डोळे उघडत नाहीत. मग डोळ्यांना सवय होते. छातीला होत नाही, पण खोकता खोकता हात चालवता येतात. मुकादम फक्त हात बघायचा.

विमानात मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, मराठीच, चांगल्या घरातली. तिच्या पायाशी वेताची टोपली होती. टोपलीतून एक नाक बाहेर आलं. नारळाएवढं पांढरं कुत्रं! मला वाटलं, चोरून आणलंय. आमच्या साताऱ्याकडच्या बायका एसटीत पिशवीत कोंबडी लपवून नेतात आणि कंडक्टरने पकडलं की अर्धं तिकीट काढतात. मी हळूच विचारलं, "ह्याचं अर्धं काढलंय की पूर्ण?"

ती हसली. "ह्याला तिकीट नसतं. वजनावर पैसे घेतात. डॉक्टरचं पत्र आणलंय, पायलटची परवानगी घेतलीय."

कुत्रं ठणठणीत असल्याचं डॉक्टरचं पत्र. मला कोणी विचारलंही नव्हतं, बाई, तू बरी आहेस का म्हणून.

आणि तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली. पलीकडच्या जागेवर कोटातला एक माणूस बसला होता. तो वाकून म्हणाला, "माताजी, आपको दमा है?" मी मान हलवली. आहे तर आहे, त्यात लपवायचं काय?

झालं. तो ताडकन उभा राहिला. "देखिए! दमे की मरीज़ और बगल में कुत्ता!"

मग सगळं विमान बोलायला लागलं. कोणी म्हणालं, आम्ही माणसांत बसायचे पैसे भरलेत, गोठ्यात नाही. मागची एक बाई म्हणाली, "मग रडणारी पोरं पण सामानात टाका, कुत्र्याने अजून तोंड उघडलेलं नाही." कोणाला केसांची भीती, कोणाला पिसवांची. सगळे माझ्याकडे बोट दाखवून बोलत होते, माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

विमानातली पोरगी आली. हिंदीत म्हणाली, "तुम्हाला त्रास होत असेल तर कुत्र्याला खाली सामानात ठेवू. कॅप्टन म्हणतात, तुम्ही सांगाल तसं."

"खाली ठेवायला वेळ लागेल?"

"अर्धा-पाऊण तास. जास्तही लागेल."

शेजारणीने माझं मनगट धरलं. "अहो, तेरा वर्षांचा आहे तो. हृदय कमजोर आहे. खालच्या आवाजानेच मरेल. तुम्ही नाही म्हणा हो."

लहानपणी पावसाळ्यात शेळ्या माझ्या पायथ्याशी झोपायच्या, तेव्हा मी कधी खोकले नाही. पण आता खोकत होते, हेही खरं. इतकी वर्षं मी मिरचीत खोकते आहे, तिथे कोणी उभं राहिलं नाही. इथे इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं माझ्या छातीसाठी भांडत होती आणि त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हते. ह्यात खरं काय धरायचं? तिकडे दिल्लीत माझी पोरगी वाट बघत होती.

मी म्हटलं, "कुत्र्याचा त्रास नाही. ह्या साहेबांच्या सेंटचा होतोय."

लोक हसले. तो माणूस लालबुंद झाला. "मैं तो आपके लिए ही बोल रहा था!"

"म्हणून तर जवळ आलात. वास वाढला."

त्याला मागच्या जागेवर नेलं. दारं लागली, विमान सुटलं. सेंटचा भपका येत होता, हे खोटं नाही. पण तो मागे गेल्यावरही माझा खोकला थांबला नाही. एकदा बोलून बसल्यावर खोकणार कशी? दिल्लीपर्यंत पदराचा बोळा तोंडात धरून बसले. कुत्रं मात्र गाढ झोपलं होतं.

उतरताना शेजारीण म्हणाली, "तुमचे उपकार विसरणार नाही."

"उपकार कसले? माझ्या मुलीचे दिवस भरलेत. विमान सुटायला हवं होतं."

"आणि घाई नसती तर?"

"तर काय बोलले असते, मला माहीत नाही," मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला. टोपली उचलून ती पुढे गेली.

मुलगी बाळंत झाली पाचव्या दिवशी. कुत्र्याला सावकाश खाली ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण ते आधी कोणाला ठाऊक होतं?

तीन महिन्यांनी परत गाळ्यात बसले आणि बायकांना हे सांगितलं. तिथेही दोन तट पडले. एक म्हणाली, "मुकं जनावर, बसलं तर बसलं. आपण नाही का मेंढरांबरोबर टेम्पोत बसलो?" दुसरी माझ्यावरच चिडली. "आक्का, तुमचंच चुकलं. आजारी माणसाजवळ असलं काही ठेवूच नये. खाली टाका म्हणायचं सरळ." एवढं बोलेपर्यंत तिला ठसका लागला. पदराने डोळे पुसून तिने पुढची मूठ उचलली.

मी विचारलं, "आणि मिरची?"

"मिरचीचं काय?" ती म्हणाली.

मलाही पुढे नीट विचारता आलं नाही. तेवढ्यात हमालाने नवं पोतं आमच्या पुढ्यात ओतलं आणि आम्ही सगळ्याच खोकायला लागलो.