नगर ते मीरा रोड, मुक्याने

आमच्या इमारतीखाली येऊन ‘वैजयंती कुठे राहते?’ असं विचारलंत, तर लोक नुसते तोंडाकडे बघत राहतील. ‘दूधवाली कुठे राहते?’ असं विचारा. कोणीही हात धरून थेट दारापर्यंत आणून सोडेल!

आता मी काही दूध विकत नाही. गाय नाही, म्हैस नाही, दूधकेंद्र नाही. बी.ए. आहे मी, अर्थशास्त्र घेऊन! मग हे नाव पडलं कसं? घ्या, चहाचा एक घोट घ्या, आणि कप जरा लांब ठेवा. पुढे ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

नव्वदीची नुकती सुरुवात होती. बाबांची मुंबईला बदली झाली आणि आम्ही मीरा रोडला फ्लॅट घेतला. स्वतःचा! त्याआधी नगरमध्ये आम्ही कायम भाड्याच्या घरांत. दर नव्या घरी शेजारणी आईला सांगायच्या, “वहिनी, दूध उतू घाला, घर भरलेलं राहतं.” आणि आई दरवेळी म्हणायची, “दुसऱ्याच्या घरात नाही. माझं दूध उतू जाईल ते माझ्याच घरात.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझी फजिती ह्याच्यावरच उभी आहे.

बाबा आधीच मुंबईला गेले होते, चुलतभावाकडे राहत होते. त्यांना रजा नव्हती. संध्याकाळी ऑफिसमधून ते परस्पर नव्या घरी येणार होते. आई एकदा येऊन फ्लॅट बघून गेली होती. तेव्हा माझी परीक्षा होती, त्यामुळे मी तो पाहिलेलाच नव्हता. म्हणजे सामान हलवायला कोण? आई, मी, आणि ट्रकवाले गफूरभाई. आणि सेनापती कोण? अर्थातच मी! बाबांनी फोनवर सगळा रस्ता सांगितला होता: घोडबंदर रोड संपला की हायवेला डावीकडे, काशीमिरा नाक्याला उजवीकडे, मग हाटकेशच्या पुढे पहिली पिवळी इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडे. एवढं सोपं! ह्यात चुकायला जागा तरी आहे का?

जागा होती. पण आधी आईच्या मौनाबद्दल सांगते.

खड्याच्या गौरी मुक्याने आणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या घरात देव हलवतानाही तसंच. ज्या बाईच्या हातात देव, तिने जुन्या देव्हाऱ्यापासून नव्या देव्हाऱ्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. देव वाटेत खाली ठेवायचे नाहीत, आणि तिन्हीसांजेच्या आत जागेवर बसवायचे. मी आदल्या दिवशी वाद घातला. “अगं आई, नगरहून मीरा रोड! दिवसभराचा प्रवास! निदान लिहून तरी दाखवशील?”

“गौरी आणताना कोणी चिठ्ठ्या लिहितं का?” आई म्हणाली. विषय संपला.

सकाळी आईने देवांचा पितळी डबा शेल्यात गुंडाळून मांडीवर घेतला, ट्रकमध्ये खिडकीशी बसली आणि ओठ मिटले. घाई मलाच. दारामागच्या खिळ्यावर नव्या घराची किल्ली लटकत होती, ती पर्समध्ये टाकली. घरमालकांचं खटक्याचं कुलूप दाबून लावलं आणि उडी मारून आईशेजारी बसले. “चला गफूरभाई! नव्या आयुष्याकडे!”

ट्रक हलला तशी आईने माझा दंड धरला. मूठ वळवून मनगट फिरवलं. मग मागे, घराकडे बोट दाखवलं.

“किल्ली ना? आहे!” मी पर्समधून काढून दाखवली. “काळजी करू नकोस.”

आईने डोळे मोठे केले. पुन्हा मनगट फिरवलं.

गफूरभाई म्हणाले, “ताई, वैनी म्हणतात गाडी दामटा.” आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवर असा पाय दिला की आमचं कपाट मागे देवाचं नाव घेऊ लागलं.

खोटं कशाला बोलू, प्रवास मात्र झकास झाला! आयुष्यात पहिल्यांदा आई समोर होती आणि उलट बोलत नव्हती. मी संधी सोडते होय? आळेफाट्यापर्यंत मुहूर्तांवर बोलले, माळशेज घाटात रूढींवर आणि समाजकार्यावर, आणि मुरबाडनंतर स्त्रीमुक्तीवर. “आई, आपण जातोय ते नवं गाव आहे. तिथे सगळेच नवे. कोणी कोणाची जात विचारणार नाही, कूळ विचारणार नाही. माणसं हाकेला ओ देतील!” आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, पटतंय. मध्येच ती माझ्याकडे वळायची, मनगट फिरवायची, मी पर्स थोपटायची, आणि गफूरभाई गाडी दामटायचे.

घोडबंदर रोडला दोन्ही बाजूंना दाट झाडी लागली. चेण्याजवळ आईने परत तेच केलं, ह्यावेळी जरा जोरात. चेहराही कळवळलेला. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला! सकाळपासून प्रवास, बिचारी सांगणार कशी?

“गफूरभाई, थांबवा! आईला जायचंय!”

रस्त्याकडेला एक मावशी टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. मी आईला उतरवून तिच्यापाशी नेलं. “मावशी, आमच्या आईला जरा आडोसा हवाय.”

“माज्या घरामागं हाय की. लांब न्हाय,” ती म्हणाली. मग आईला न्याहाळून म्हणाली, “पन तिला जायाचं न्हाय वाटतं. ती तर मानंनं नको म्हनते.”

“लाजते ती,” मी म्हणाले.

सांगायचा मुद्दा, आईला मी सक्तीने आडोसा दाखवून आणला. मावशीने वर दोन काकड्या दिल्या, “पोरीवर लक्ष ठेव गं बाय” असं म्हणून. ते ती आईला म्हणाली, हे मला तेव्हा जरा विचित्रच वाटलं.

नाका आला, उजवीकडे वळलो. मोकळं रान, अर्धवट बांधकामं, लांबवर चमकणारी मिठागरं. रस्ता म्हणजे नुसती खडी. तरी सांगते, माझा ऊर भरून आला! हाटकेश मागे पडलं आणि समोर पाहते तर काय, पिवळी इमारत! आणि तिच्या समोर, मधलं मैदान सोडून, दुसरी पिवळी इमारत. अगदी जुळी. बिल्डरला एकच रंग घाऊक मिळाला असावा. नाव एकीवरही नाही.

पण मी गोंधळणारी नव्हे. बाबा म्हणाले होते, पहिली पिवळी. आम्हाला आधी लागली ती पहिली. हिशेब साफ!

(बाबा स्टेशनकडून येत-जात होते. त्यांची पहिली ती आमची दुसरी. पण एवढा विचार करायला सेनापतीला सवड कुठे?)

आईने समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. “हो, तीही छान आहे,” मी म्हणाले. आई ट्रकमधून उतरून तिकडे चालायलाच लागली. मी धावत जाऊन तिला कोपराला धरून परत आणलं. “आई, इकडे! दमलीस तू, दिशा कळत नाहीये तुला.” हिसडा देईल तर देव हलतील, म्हणून बिचारी आली. आणि तिने खाडकन स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

कपाळ! मला लगेच उमगलं. नव्या घरी पाऊल टाकायचं आणि कुंकू नको?

तळमजल्यावर बायका बादल्या घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एक ज्योत्स्नाबेन पुढे आल्या. “क्या चाहिए, बेन? कंकु? अब्बी लाती हूं!” त्यांनी कुंकू आणून आईला लावलं. आईने पुन्हा कपाळावर हात मारला. “और चाहिए?” म्हणत ज्योत्स्नाबेननी आणखी लावलं. तिसऱ्यांदा आईने हात उचलला आणि कुंकवाच्या कोयरीकडे बघून मुकाट्याने खाली घेतला. तोवर तिचा मळवट भरला होता.

मग मी ट्रकच्या फळीवर चढले आणि भाषण ठोकलं. हिंदीत! “हम सब यहां नए हैं। एक-दूसरे को हम नहीं तो कौन मदत करेगा?” आणि काय सांगू, माणसं खरंच आली हो! कोणी गादी उचलली, कोणी पिंप, चौघांनी मिळून कपाट. तीन मजले! बादल्यांची रांग तशीच राहिली आणि आमच्या सामानाची रांग जिन्यावर लागली. माझे डोळे पाणावले. हेच माझ्या स्वप्नातलं गाव!

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे, मी ऐटीत किल्ली काढली. कुलपात घातली. फिरेना.

“नवं कुलूप, ताई,” गफूरभाई म्हणाले. “कडक असतंय.” त्यांनी कुलपाला खालून एक बुक्की दिली, मी किल्ली हलवली, आणि खट्! उघडलं. टाळ्या!

रिकाम्या खोल्यांत सामान गेलं. आई मात्र उंबऱ्याबाहेर उभी. मान हलवतेय, आत यायला तयार नाही. मला वाटलं, आधी दूध उतू जायला हवं असेल. मी वातीचा स्टोव्ह काढला, ज्योत्स्नाबेननी आपल्या घरचं दूध आणलं, सगळे गोल करून उभे राहिले. दूध वर आलं, आलं, आणि पातेल्याबाहेर फसफसून फरशीवर ओघळलं. काय जल्लोष! मी वळून पाहिलं तर आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“आनंदाश्रू!” मी सर्वांना जाहीर करून टाकलं.

जल्लोष ऐकून समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी गॅलरीत आलं. मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून त्या गृहस्थाने कपाळावर हात आडवा धरला आणि प्रेमाने हाक दिली, “नमस्कार! नवीन आलात वाटतं? काही लागलं तर सांगा हं! आम्हीही आजच येतोय राहायला!”

आवाज ओळखीचा होता. फारच ओळखीचा.

“बाबा?”

“कोण? वैजू? अगं, तू तिकडे काय करतेस?”

“मी आपल्या घरात आहे, बाबा!”

“मग मी कुठे आहे?”

मग बाबांचा आवाज, जरा हळू, “आणि ते मागे आपलं कपाट आहे का गं?”

झालं असं होतं, की साहेबांच्या हातापाया पडून बाबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवली होती. दुपारपासून ते खऱ्या घरात होते. दाराला तोरण बांधून, फरशी पुसून, दुधाची पिशवी आणून आमची वाट बघत होते.

मी बाहेर येऊन जिन्यातच बसले. आईने आयुष्यभर जपून ठेवलेलं दूध मी परक्याच्या घरात सांडलं होतं. बाहेर सूर्य खाली चाललेला, देव अजून तिच्या हातात. त्या दिवशी पहिल्यांदाच घरात दोन मुक्या बायका होत्या.

आणि मग काय झालं असेल? ज्योत्स्नाबेननी पदर खोचला. “चलो, सब लोग! वापस उठाओ! सूरज डूबने का नहीं अभी!” हसत हसत, एकमेकांना टोमणे मारत, तीच माणसं, तेच कपाट, तीन मजले खाली, मैदानापलीकडे, तीन मजले वर. समोरच्या इमारतीतली माणसंही उतरली. सगळ्यांत पुढे आई, देव घेऊन, जवळजवळ धावत.

सूर्याची कड उरली होती तेव्हा देव बसले. आईने निरांजन लावलं, पिशवीतलं दूध तापत ठेवलं. ते उतू गेलं तेव्हा तिथे दोन इमारतींची माणसं दाटीवाटीने उभी होती. आईने नमस्कार केला आणि सावकाश माझ्याकडे वळली. आता दिवसभराचं साठलेलं बाहेर पडणार!

“बोल, आई,” मी मान खाली घालून म्हणाले. “काय बोलायचं ते बोल.”

आईने हात पुढे केला. “किल्ली दे.”

“आता कशाला? घर तर उघडंच आहे.”

“नगरची किल्ली,” आई म्हणाली. “घरमालकांना द्यायची होती. सकाळपासून तेच सांगतेय.” आणि तिने पदराची गाठ सोडून नव्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी पर्समधली किल्ली काढली. तिच्याकडे बघितलं. गफूरभाईंनीही बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे ताई… तिकडचं ते कुलूप आपण फोडलं?”

फोडलंच की! नगरच्या घरमालकाच्या किल्लीने, मीरा रोडच्या परक्या माणसाचं घर, भर दिवसा, टाळ्यांच्या गजरात! जो हसण्याचा स्फोट झाला म्हणता! आईसुद्धा हसली, मळवटावरून घाम पुसत. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन तिथली फरशी पुसली आणि उंबऱ्यावर चिमूटभर साखर ठेवून आली. “दूध वाया जात नाही,” म्हणाली. “त्यांचंही घर भरेल.”

फक्त ज्योत्स्नाबेन त्या संध्याकाळी हसता हसता मध्येच थांबल्या होत्या. “अरे,” त्या म्हणाल्या, “हमारे दरवाजे पे भी बिल्डर का वैसाच ताला है!”

आठवड्याभरात दोन्ही इमारतींतल्या झाडून सगळ्या घरांनी कुलपं बदलली. मीरा रोडला येऊन समाजासाठी काहीतरी करायचं, असं मी माळशेज घाटात आईला सांगितलंच होतं की नाही? ते माझं पहिलं समाजकार्य.

तरी लोक भले. मला नुसतं दूधवाली म्हणतात.