उस्तादाची शाबासकी

टोकावड्याला माझ्या दोस्ताच्या घरी खुंटीला पाच शाली लटकलेल्या होत्या. पाचही प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्याचा कॅन्सर हाडांत उतरला, मुंबईच्या डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हणून सांगितलं, आणि लोकांना एकदम आठवलं, अरेच्चा, आपल्या गावात एक फौजी आहे की! मग काय, शाल-श्रीफळवाल्यांची रीघ लागली. ज्याला कूस बदलताना घाम फुटतो त्याला खाटेवरून उठवायचं आणि फोटोसाठी उभं करायचं. एका पुढाऱ्याने तर त्याच्या तोंडावर भाषण ठोकलं की वीर मरणाला भीत नसतो. मेल्या, तुझी दाढ दुखली तर तू कल्याणपर्यंत बोंबलत जाशील!

आमचे माजी सैनिकही काही कमी नव्हते. म्हणे आधार द्यायला यायचे. पोहे हाणायचे, चहा ढोसायचा, आपापल्या लढाया सांगायच्या. यांतल्या निम्म्यांनी अख्खी नोकरी स्टोअरमध्ये डाळ मोजण्यात काढलेली. आणि निघताना "हिंमत ठेव, जवान" म्हणून पाठीवर थाप. हाडांत कॅन्सर असलेल्या माणसाच्या पाठीवर! अक्कल काय पेन्शनीबरोबर विकून खाल्ली होती कोण जाणे.

मी त्यांच्यातला नव्हतो. निदान माझा तसा समज होता. पलटणीत त्याला कवायत मी शिकवली, म्हणून नाईकाच्या हुद्द्यावर रिटायर होऊन म्हातारा झाला तरी तो मला उस्तादच म्हणायचा. दर मंगळवारी मी किन्हवलीहून दोन एसट्या बदलून त्याच्याकडे जायचो आणि दिवसभर उशाशी बसायचो. कोणी आलं की मी ठणकावून सांगायचो, "माझ्या हातचा पोरगा आहे. हूं की चूं करणार नाही." तो डोळे मिटून ऐकायचा.

शहापूरहून एक सिस्टर यायची. बरं करायला नाही. उरलेले दिवस तरी दुखण्याविना जावेत म्हणून. ती विचारायची, "काका, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?"

"ठीक आहे. दोन," तो म्हणायचा.

मला हसू यायचं. दुखण्याला मार्क देतात, शाळा आहे का ही?

गणपती झाल्यावरच्या मंगळवारी त्याच्या बायकोने मला मागच्या दारी बोलावलं. "भावजी, तुमी समदे गेले का टॉवेल चावतात ते. सिस्टर मोठी गोळी देते, तर 'मला कुठं दुखतंय' म्हणून परत करतात. तुमी तरी सांगा ना."

मी तिथेच कपाळावर हात मारला. अरे, हे तर आमचंच शिक्षण! फौजेत दरवर्षी मेडिकल व्हायचं. दुखतंय म्हटलं की कॅटेगरी खाली, बढती बंद. म्हणून गुडघा मोडला तरी आम्ही ओरडायचो, "सब ठीक, साब!" या गाढवाला खाटेवर पडून कुठली बढती हवी होती?

आत सिस्टर त्याच्या खाटेशीच होती. मी दारात ताठ उभा राहिलो आणि परेडच्या आवाजात ओरडलो, "नाईक! सावधान! दुखण्याचा रिपोर्ट दे!"

त्याची बायको दचकली. पांघरुणाखाली त्याच्या टाचा एकमेकींना चिकटल्या.

"दहापैकी नऊ, उस्ताद!"

"कधीपासून?"

"होळीपासून, उस्ताद."

सिस्टरने डॉक्टरांना फोन केला आणि पिशवीतली मॉर्फीनची गोळी काढली. या वेळी त्याने मुकाट्याने गिळली. तासाभराने त्याच्या कपाळाच्या आठ्या सुटल्या. तांदळाची भाकरी आणि सुकट मागितलं, दोन घास खाल्लेही. बायकोने एका शालीची पिशवी टराटरा फाडली आणि ती त्याच्या पायांवर घातली. मला इतकं बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माझी जीभ सुटते.

"काय रे गाढवा, होळीपासून तोंडात काय मूग धरले होतेस?"



"उस्ताद, तुमीच समद्यांना सांगायचे ना, हा हूं की चूं करणार नाय. आन् जाताना मला शाबास म्हणायचे. मग मी कसा सांगू?"

रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. मी खुंटीवरच्या उरलेल्या चार शालींकडे बघत बसलो. तो पुढारी निदान एकदाच आला होता. मी दर मंगळवारी जात होतो.