आईसाठी ठेवलेलं उत्तर

आयर्लंडमधल्या शॅनन गावच्या कारखान्यात तपासणीचं सॉफ्टवेअर आणि एक्सेल एकमेकांचं तोंड पाहत नसत. आकडे इकडून तिकडे वाहून वाहून मी वैतागलो आणि एक क्लिपबोर्ड टूल टाकलं. त्यात नेहमी लागणारा मजकूर साठवता यायचा. रोज "जेवलास का?" विचारणाऱ्या आईला पाठवायचं उत्तरही मी तिथेच ठेवलं होतं. एकदा घाईत नेमकं तेच रिपोर्टच्या शेऱ्यात पेस्ट झालं. हे काय लिहिलंय, असं आमच्या आयरिश साहेबाने विचारलं. मी अर्थ सांगितला. तो नुसतं "ग्रँड" म्हणाला, म्हणजे तिकडचं "ठीक आहे".

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रोजच्यासारखं साहेबाला चॅटवर विचारलं, जेवण झालं का. उत्तर आलं, चक्क देवनागरीत: "हो आई, जेवलो."