ॲथल डिरीनची मोजणी

नेरिडा कॉइलने ॲथल डिरीनला पहिल्यांदा नीट पाहिलं ते जत्रेच्या मैदानावर. टास्मानियातल्या त्या गावात ती नुकतीच शाळेत शिकवायला आली होती. लाकूडतोडीच्या शर्यतीचे आठ गडी आपापल्या ओंडक्याशी कुऱ्हाड टेकवून उभे होते, आणि मचाणावरून उन्हाने लाल झालेल्या मानेचा ॲथल दर सेकंदाला एक असे अंक मोजत होता. जो कच्चा तो तीनला सुटणार, त्याहून बरा नऊला, आणि सगळ्यात तगडा थेट वीसला. आपला अंक कानी पडेपर्यंत कुऱ्हाड हलवायची नाही. सारं मैदान चिडीचूप. दोन अंकांमधलं अंतर इतकं सारखं, की नेरिडाच्या मनात आलं, या माणसाला दुसरीच्या वर्गात पाढे म्हणायला न्यावं.

पुढे बावन्नाव्या वर्षी ॲथलचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन. साठीला पोचेपर्यंत गोळ्यांचा असर दोन तासही टिकेना. सदऱ्याची बटणं बायको मॉरीन लावायची. मग मेलबर्नला त्याच्या मेंदूत खोलवर दोन तारा घातल्या आणि छातीत, कातडीखाली बॅटरी बसवली. घरी आल्यावर त्याने स्वतः चहा ओतून मॉरीनला आणून दिला. "बशी कोरडी होती गं," मॉरीन अजून सांगते, "आणि मी रडत बसले."

चौदा वर्षं झाली तरी हात स्थिर राहिला. आजार तारांनी थांबत नाही, हे मात्र त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. हळूहळू तोल जायला लागला, आवाज बसला, शब्द एकमेकांच्या अंगावर पडू लागले. त्या वर्षीच्या जत्रेत तर मोजणी बारानंतर धावत सुटली आणि आधी सुटलेल्यांची आघाडी बुडाली. तक्रार कोणी केली नाही. पण पुढच्या वर्षीपासून मोजणी टेपवर लावायची, असं जत्रेच्या समितीने ठरवलं, आणि चिटणीस म्हणून ते सांगायला नेरिडा त्याच्या स्वयंपाकघरात गेली.

"टेप?" ॲथल पुटपुटला. "गडी तयार नसेल तर टेप थांबणार आहे का?"

"तुझी मोजणी पळते, ॲथल."

"मग काढ घड्याळ, बाई."

नेरिडाने घड्याळ लावलं. तो वीसवर पोचला चौदा सेकंदांत. तिने काटा दाखवला. त्याने खिशातून छातीतल्या बॅटरीचा छोटा रिमोट काढला. नर्सने त्यात दोन मापं भरून दिली होती, एक चालायचं आणि एक बोलायचं. जास्त विजेने जीभही अडखळते, म्हणून बोलायच्या मापात वीज कमी. त्याने बटण दाबलं.

"कप उचल," मॉरीन नेरिडाला म्हणाली. "आता भूकंप येईल."

थोड्या वेळाने त्याचा उजवा हात टेबलावर ताडताड आपटू लागला. उठायचं म्हटलं तर पाय जमिनीला चिकटलेले. पण गळा मोकळा झाला. वीस अंक, वीस सेकंद. नेरिडाने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा वीस.

"दिवसभर असा बसशील?" तिने विचारलं.

"एक शर्यत बसेन. शेवटची. बाकीच्या तुझ्या टेपला दे."

समितीशी नेरिडा दोन तास भांडली, आणि जत्रेच्या दिवशी शेवटच्या शर्यतीला मचाणाखाली खुर्ची मांडली गेली. ॲथलचा थडथडणारा हात मॉरीनने मांडीवर दाबून धरला.

"म्हाताऱ्या, तो हात ओंडक्यावर ठेव," वीसला सुटणारा डग रासमुसेन म्हणाला. "माझी मेहनत वाचेल."

"तू तुझा अंक ऐक, डग. मागच्या वर्षी दोन-चार सेकंद फुकट मिळाले होते तुला."

मैदान हसलं, मग चिडीचूप झालं आणि ॲथल मोजू लागला. डगची कुऱ्हाड पहिल्यांदा ओंडक्यावर पडली तेव्हा नेरिडाच्या घड्याळात बरोबर वीस सेकंद झाले होते. शर्यत संपल्यावर ॲथलने रिमोटचं बटण दाबलं, हात शांत होईपर्यंत थांबला, आणि मॉरीनच्या खांद्याला धरून गाडीपर्यंत चालत गेला.

त्याला दोन वर्षं झाली. ॲथल आता शहात्तर वर्षांचा आहे, आणि जत्रेतली शेवटची शर्यत खुर्चीत बसून मोजतो.