विटाळातलं द्राक्षासव

आमच्या द्राक्षासवात दारू होती. अण्णांच्या हयातीत हे वाक्य मला घरात उच्चारता आलं नाही, म्हणून इथे पहिल्यांदा तेच लिहिते. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुणतांब्यात वैद्यकी करायचे. "औषध आहे ते," असं ते दारूबंदीच्या साहेबापासून घरातल्या मांजरापर्यंत सगळ्यांना ऐकवायचे. औषध होतंच. पण मनुका आणि गूळ एकत्र मुरले की जे व्हायचं ते होतंच, आणि गावातल्या निम्म्या बाप्यांना भर उन्हाळ्यात खोकला का यायचा हे मला फार लवकर कळलं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसलं नाही, आजही दिसत नाही. काळसर तांबडं, जिभेवर गोड आणि घशाखाली उतरलं की कान गरम करणारं, असं ते झकास आसव होतं.

ते करायला कसब लागायचं. बरणीला आतून तूप चोळायचं. मनुकांचा काढा, गूळ, वेलदोडा, दालचिनी, पिंपळी आणि शेवटी धायटीची वाळलेली लाल फुलं घालायची. आंबवण्याचं खरं काम त्या फुलांचं. मग झाकणाभोवती चिखलमातीत भिजवलेलं फडकं गुंडाळून तोंड बंद करायचं, बरणी भुशात पुरायची आणि रोज भुसा सारून तिला कान लावायचा. आत बारीक चरचर चालू असेपर्यंत हात लावायचा नाही. आवाज थांबला की त्याच दिवशी तोंड फोडायचं आणि पेटती काडी आत धरायची. काडी विझली तर काम बाकी आहे, जळत राहिली तर आसव तयार. घाई केली तर कच्चं राहतं, आणि उन्हाळ्यात उशीर केला तर आंबट ढाण होऊन उकिरड्यावर ओतावं लागतं.

अण्णांना ऐकू येईनासं झालं तेव्हा कान लावायचं काम माझ्याकडे आलं. मुलगा नव्हता म्हणून नाइलाजानं आलं, हे आत्या मला विसरू देत नसे. ही अण्णांची विधवा बहीण, घरातल्या सोवळ्याओवळ्याची मुखत्यार. महिन्याचे चार दिवस मी मागच्या पडवीत बाजूला बसायची. त्या दिवसांत औषधाच्या खोलीच्या उंबऱ्यापाशीसुद्धा फिरकायचं नाही. विटाळशीची सावली पडली तर आसव नासतं, असं आत्याचं म्हणणं. आणि ते नासायचंही! एका उन्हाळ्यात लागोपाठ दोन बरण्या आंबट ढाण झाल्या. दोन्ही वेळा आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, "आता ही शेवटची. ही गेली तर सगळं बंद. बायकांच्या जातीला हे जमायचं नाही."

पडवीत बसून विचार करायला मला वेळच वेळ होता. मी शिवले म्हणून त्या बरण्या नासल्या नव्हत्या, मला शिवू दिलं नाही म्हणून नासल्या होत्या. मी बाजूला असताना आवाज थांबायचा, अण्णांना ऐकू यायचं नाही, आत्या दारूच्या वासानं त्या खोलीत पाऊल टाकायची नाही, आणि न्हाऊन मी आत जाईपर्यंत आतलं वाया गेलेलं असायचं. इतकी साधी गोष्ट त्या घरात कोणाच्या डोक्यात येऊ नये, याचा मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

शेवटच्या बरणीच्या वेळीही तेच झालं. दुष्काळाचं वर्ष, ऊन मी म्हणत होतं, आणि ऐन वेळी मी पडवीत. बाजूला बसायच्या आधी ऐकलं तेव्हा चरचर अगदी मंदावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला म्हटलं, "अण्णांना सांग, मला बरणी बघू द्या." तिनं कानांवर हात ठेवले. मग मी विनवण्या थांबवल्या आणि उठले.

ओटीवर खोकणारी मंडळी बसली होती. त्यांच्यादेखत सरळ औषधाच्या खोलीत गेले. मागून आत्या ओरडत होती. बरणीला कान लावला. आत सगळं शांत होतं. तोंड फोडून काडी आत धरली, ती बोटं भाजेपर्यंत जळली. चमचाभर जिभेवर घेतलं आणि तिथेच हसले. असं आसव आमच्याकडे कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मी गाळायला बसले.

अण्णा आत आले. त्यांनी वास घेतला, दार लोटलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "झालंय ना चांगलं? मग गप्प बस. बरणी मी फोडली असं सांगू."

आत्याच्या शिव्यांनी लागलं नव्हतं तेवढं मला हे लागलं. नासलं की माझं आणि जमलं की त्यांचं! मी पातेलं उचललं, ओटीवर गेले आणि म्हणाले, "हे आसव मी फोडलंय. आज माझा दुसरा दिवस आहे. ज्याला चालत नसेल त्यानं घरी जावं."

कोणी कोणाकडे बघेना. दोघेतिघे उठून गेले. रोज येणारा एक म्हातारा शेतकरी मात्र जागचा हलला नाही. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे पाहिलं आणि पेला पुढे केला.

"पोरी, खोकला लई हाय बग. वत."

मग बाकीच्यांचेही पेले पुढे आले.

आत्यानं त्या दिवशी घरभर गोमूत्र शिंपडलं. रात्री मी पडवीत जेवत होते, तेव्हा अण्णांनी आतूनच, आत्या वाढत असताना, मोठ्यानं विचारलं, "पुढच्या बरणीच्या मनुका कधी निवडायच्या?"

"उद्या," मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. "उद्या माझा तिसरा दिवस आहे. मीच निवडणार."