सीमेच्या बसमध्ये दही

मंडळी, नेपाळच्या सीमेकडे जाणाऱ्या बसमध्ये बसून लिहून राहिलो.

घरून निघताना आईले "वाडीले जाऊन येतो" इतकंच म्हटलं होतं. शहराबाहेर वाडीच्या ट्रक नाक्यावर उत्तरेकडे निघालेला ट्रक दिसला अन् मी चढलो. हातावर दही घेऊन निघालेला माणूस घरी परततो, असं आई मानते. माझं दही राहूनच गेलं.

आज गोरखपूरले एक म्हातारी बसच्या खिडकीतून आपल्या मुलाच्या हातावर दही ठेवत होती. मी बघतच राहिलो.

"क्या देखता है? तेरी माँ ने नहीं दिया?"

"उसको मालूमच नहीं."

"पागल! हाथ निकाल."

दही आंबट होतं, तरी मी तळहात दोनदा चाटला.

आमच्या धरमपेठेतल्या घरी कोणी जाल काय? आईले सांगा, पोरगा नेपाळात चालला, पण दही खाऊन.