सात नंबरचं कमळ

कुणाशीही बोलायला सुरुवात करण्याआधी चाचा भिंतीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे. भिंत घराची असो, देवळाची असो की आमच्या लॉजच्या काउंटरमागची. ठोकायचे, कान लावायचे आणि मग आपल्याकडे वळून विचारायचे, "काही समजून राह्यलं का?" आपण "नाही" म्हटलं की खूश. "हो" म्हणणाऱ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसत नसे.

वाशीमच्या बसस्टँडजवळ बारा खोल्यांचं एक लॉज आहे, तिथे मी मॅनेजर आहे. पोहरादेवीला, शिरपूरला जाणारी माणसं आमच्याकडे उतरतात. हातात अर्धा दिवस रिकामा असला की विचारतात, "इथं पाहण्यासारखं काय आहे हो?" हे गाव एके काळी वाकाटकांची राजधानी होतं, हे मला शाळेपासून पाठ आहे. त्या राजधानीतलं नेमकं काय दाखवायचं, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी मागच्या गल्लीतल्या चाचांना निरोप धाडायचो. जन्मभर गवंडीकाम केलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. गुडघे कुरकुरायचे, पण जुन्या वस्तीत शिरले की आमच्या तरुण पाहुण्यांना धाप लागायची.

पाहुणे विचारायचे, "राजवाडा कुठे आहे?"

चाचा जमिनीकडे बोट दाखवायचे. "खाली हाय. तुमी त्याच्यावरच उभे हा."

पाहुणे दचकून बाजूला सरकायचे. चाचा म्हणायचे, "तिकडं बी हाय."

देवळात नेलं तरी कळस दाखवायचे नाहीत. जोत्याचा एखादा कोपरा दाखवायचे आणि तिथेच पंधरा मिनिटं उभं करायचे. कुणी कंटाळून मला येऊन सांगायचं, "तुमचा गाईड विचित्र आहे." मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर ते काय दाखवतात, हे मलाही कधी नीट कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याकडून आर्किटेक्चर शिकणारी पोरं-पोरी आली. बरोबर एक मॅडम. लॉज लग्नाच्या वऱ्हाडानं भरलेलं, एकच खोली शिल्लक. ती मॅडमना दिली. पोरांनी गावाबाहेर धरणाच्या काठी तंबू ठोकले. चाचांना हे काही केल्या पटेना.

"घर बांधायचं शिकून राह्यले आन कापडात झोपून राह्यले? काहून?"

सकाळी आम्ही दोघं माझ्या गाडीवर तिकडे गेलो, तर तंबू आडवे. पोरांनी सपाट जागा बघून काळ्या मातीत खुंट्या मारल्या होत्या. पहाटे अवकाळी पावसाची सर आली, माती फुगली आणि खुंट्या बाहेर. चाचांनी सगळ्यांना उचलून वरच्या मुरमाड चढावर नेलं, स्वतःच्या हातानं पहिली खुंटी मारून दिली आणि म्हणाले, "झोपायचं बी पाया पाहून." तेव्हापासून पोरं त्यांना सोडेनात. मॅडम चार बुकं शिकवतात ते ऐकायचं आणि मग चाचांकडून तपासून घ्यायचं, असा प्रकार सुरू झाला. मॅडम भल्या होत्या, हसायच्या.

गावात जुनी कुंडं बरीच आहेत. त्यातल्या एकाच्या भिंतीत दगडी कमळांची रांग आहे. कुठलं कुंड ते मी सांगत नाही, का ते कळेलच. पोरांनी मापं घेण्यासाठी प्रत्येक कमळावर खडूनं नंबर टाकले. सात नंबरपाशी मॅडम थांबल्या ते थांबल्याच. पाकळ्यांवरून हात फिरवत पोरांना म्हणाल्या, "हे बघा. हे सगळ्यात जुनं. अस्सल. बाकीची ह्याच्यावरून नंतर केलेली दिसतात."

चाचा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"मॅडम, हा दगड माया हातचा हाय."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. चाचांनी सांगितलं, ते तरुण असताना पिंपळाच्या मुळीनं ही भिंत फोडली होती, एका कमळाचा चुरा झाला होता. त्यांच्या उस्तादानं सांगितलं, नवं घडव. त्यांनी पावसाळाभर बसून घडवलं.

"काका, याला काही पुरावा?" मॅडमनी अगदी आदरानं विचारलं.

"हाय ना. मागच्या अंगाले छिन्नीच्या तीन रेघा हायेत. माई खूण. आमी गवंडी लोक खूण मागंच करतो, तोंडावर करत नाही."

मॅडमचे डोळे चमकले. एक दगड काढून बघायचा, नीट परत बसवायचा, त्यासाठी लागेल ती परवानगी मी मिळवते, असं म्हणून त्या फोनवर फोन करायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिळवलीसुद्धा.

मधल्या संध्याकाळी चाचा माझ्या काउंटरपाशी येऊन बसले. त्यांना इतकं बावरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मॅनेजर, मी सांगितलं ते बरोबर केलं का चुकलं?"

"बरोबरच केलं. तुमचं आहे तर तुमचं."

"आन लोकं म्हनतीन जुन्यात नकली घुसवला, तर?"

"तर मग जुनंच आहे म्हणा."

"मंग मी आयुष्यभर काय केलं? बाकीचं सारं काम पिलास्टरखाली गेलं न भाऊ. हा एकच दगड उघडा हाय."

मी चहा मागवला. ते चहा न पिता गेले.

दुसऱ्या दिवशी कुंडावर सगळे जमले. पहार आली, दोर आला, माणसं आली. चाचा भिंतीला हात लावून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "मॅडम, माफ करा. मी मजाक केली. जुनाच हाय तो."

मॅडमना धक्का बसला. दोन दिवस त्यांचा वेळ फुकट गेला होता. निघताना त्यांनी चाचांचा निरोपही घेतला नाही. पोरं तेवढी पाया पडून गेली. मला चाचांचा राग आला होता, हे कबूल करतो. परवानगीसाठी मीही दोन ठिकाणी शब्द टाकला होता.

"काहून केलं असं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. "वरचा सारा भार त्याच्यावर हाय. काढला तर भिंत सुटते. बसवाले आता हे हात कामाचे नाही. दुसरा कोनी बसवन, पन तसा बसन काय?"

"म्हणजे तुमचाच आहे तो."

"काही समजून राह्यलं का?" म्हणाले आणि चालू लागले.

तुम्हीच सांगा, यातून मी काय समजायचं? आधी खरं बोलले आणि भिंतीसाठी खोटं बोलले? की मोहापायी आधी खोटं बोलले, आणि पहार बघून घाबरले? पुढे पाच-सहा महिने ते रोज भेटत होते. दहादा तोंडाशी आलं, विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्यानंतर पाहुण्यांना मीच कुंडावर नेतो. कधी सांगतो, हे कमळ फार प्राचीन आहे. कधी सांगतो, आमच्या चाचांचं आहे. ज्या दिवशी जे सांगतो, त्या दिवशी ते खरं वाटतं.

पावसाळ्यात मात्र कुणी पाहुणे फिरकले नाहीत. पाऊस उघडल्यावर चाचांच्या घरी गेलो, तर चाची म्हणाल्या, "तुमी त्याहीचा दगड लोकायले दाखवता म्हने. मले त्याहीनं कधी नेलं नाही."

मी ऑटो बोलावला. त्यांचा हात धरून कुंडात उतरवलं, भिंतीसमोर उभं केलं.

"याच्यातला कोनता?"

मी बोट उचललं आणि तसाच राहिलो. खडू पावसात धुऊन गेला होता. सगळी कमळं ओली, काळी, सारखी. सात नंबर, पण पोरांनी मोजायला डावीकडून सुरुवात केली होती की उजवीकडून, ते आठवेना. इतके दिवस मी दगड पाहिलाच नव्हता, आकडा पाहत होतो. मला विलक्षण लाज वाटली. काहीतरी दाखवून मोकळं व्हावं, असंही क्षणभर मनात आलं, पण त्या बाईशी खोटं बोलवेना.

"चाची, मला ओळखू येत नाही," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या लांबलचक रांगेकडे.

"मंग सगळेच पाहून घेते," त्या म्हणाल्या आणि ओढणी सावरत पहिल्या कमळापाशी गेल्या.